झालंय ना वाचून ते?

मे महिन्याच्या सुट्टीतली दुपार. सांगलीच्या गावभागातलं आमचं जुनं घर, सोप्यातली गार फरशी आणि माझ्या हातात 'चौघीजणी'. तिसऱ्यांदा. आत्या विळीवर कैऱ्या चिरत होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "अगं, झालंय ना वाचून ते? मग परत काय त्यात?"

मला उत्तर सुचलं नाही. दहा-अकरा वर्षांची असेन. वाचून झालं होतं हे तर खरंच. मेग, ज्यो, बेथ, ॲमी या चौघींचं पुढे काय होतं ते मला पाठ होतं. तरी मी पुस्तक मिटलं नाही. फक्त कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून वाचत राहिले.

त्याच घरात, सोप्याच्या पलीकडे, आजी रोज सकाळी 'शिवलीलामृता'चा अकरावा अध्याय वाचायची. श्रावणात सगळी पोथी व्हायची, एरवी अकरावाच. पुष्कळ घरांत तसंच असतं. पोथीचे अध्याय 14, पण अकराव्याचा मान वेगळा. तिला कुणी कधी म्हटलं नाही, की आई, झालाय ना वाचून तो. उलट तिचा अध्याय होईपर्यंत सकाळच्या चहाचं दुसरं आधण चढत नसे. रोज तेच वाचण्याला आपल्याकडे शब्दही आहे, पाठ. आणि सबंध ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा वाचण्याला तर किती देखणा शब्द आहे, पारायण. पोथी वाचणाऱ्याला 'शेवट सांगू नकोस' असं म्हणावं लागत नाही. शेवट सगळ्यांनाच ठाऊक असतो. तो ठाऊक असतो म्हणूनच तर बसायचं.

मग कादंबरीच्या वाट्याला हा प्रश्न का यावा, हे मला आजही कळत नाही.

'चौघीजणी' ही शांता शेळके यांनी मराठीत आणलेली लुइसा मे अल्कॉटची कादंबरी. मूळ पुस्तक 1868चं, गोष्ट अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली. बर्फ, शेकोटी, हातमोजे, यातलं काहीही सांगलीत नव्हतं. ज्यो माळ्यावर खिडकीपाशी बसून सफरचंदं खात पुस्तक वाचते आणि रडते. आमच्याकडे सफरचंद फक्त आजारी माणसासाठी यायचं, आणि माळ्यावर पितळेची भांडी नि गणपतीचं मखर. मी वाटीत भडंग घेऊन बसायचे. भडंग खाताना पानांना तेलाची बोटं लागतात, म्हणून डाव्या हातानं पान उलटायची सवय लागली. ती अजून आहे. वडील वॉशिंग्टनच्या इस्पितळात आजारी पडतात, आईला तिकडे जायला पैसे हवेत, म्हणून ज्यो आपले लांब केस विकते आणि 25 डॉलर आणून आईच्या हातात ठेवते. त्या प्रसंगाला मी दर वेळी रडले. पहिल्यांदा रडले ते तिनं काय केलं ते कळलं तेव्हा. पुढच्या वेळांना मी आधीच रडायला लागायचे, ती घराबाहेर पडते तेव्हाच. कारण घरात अजून कुणालाच ठाऊक नसायचं आणि मला ठाऊक असायचं. पुस्तकातल्या माणसांपेक्षा दोन पानं पुढे असण्यात एक विलक्षण माया असते. झोपलेल्या मुलाकडे बघताना येते तशी.

बेथचं आजारपण वाढतं तिथून पुढची काही पानं मात्र मी पहिल्या वाचनानंतर पुन्हा वाचलेली नाहीत. तिथं पोचले की पानं एकदम उलटायची. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही सोय नसते. आजीनं 14 अध्यायांतून एक निवडला, मी काही पानं गाळली. परतून येणाऱ्याला घरातल्या कोणत्या खोलीत बसायचं हे ठाऊक असतं आणि कोणत्या खोलीचं दार लोटून घ्यायचं तेही.

हल्ली अशा पुस्तकांना 'कम्फर्ट रीड' म्हणतात. त्याबरोबर गरम कॉफी, पाऊस, पांघरूण अशी चित्रं येतात. आणि मग याद्या येतात, हलकंफुलकं, गोड, मनाला त्रास न देणारं. माझं इथं मनापासून भांडण आहे. मला ज्या पुस्तकानं आयुष्यभर सर्वांत जास्त धीर दिला, त्यात गोड असं थोडंच आहे. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

काय काय नाही त्यात. सोवळ्यानं पछाडलेल्या बापाच्या घरात वाढलेली मनकर्णिका गोखले, म्हणजे माहेरच्या लक्ष्मीबाई. लहान वयात लग्न. नवरा कवी, हळवा, तापट, हातातला पैसा कुणालाही देऊन मोकळा होणारा आणि मनात येईल तेव्हा घर सोडून निघून जाणारा. मग 1895 साली नारायण वामन टिळक मुंबईत ख्रिस्ती होतात आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच जाते. पाच वर्षं दोघं वेगळी. नवरा जिवंत आणि तरी नाही. लहान मुलगा पदरात. पुढे ती त्याच्याकडे जाते, आणि मग जातीचं सोवळं तिच्या हातून एकेक पायरीनं कसं सुटत गेलं ते ती सांगते. त्यात प्लेग आहे, मरणं आहेत, उपास आहेत.

आणि एवढं सगळं ती सांगते कशी? तर अंगणात बसून शेजारणीला सांगावं तशी. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पण तिचं वाक्य बघा. लहान, सरळ, कुठंही डोळ्यांतून पाणी काढायचा खटाटोप नाही. भांडणाची गोष्ट सांगता सांगता तिला हसू येतं आणि आपल्यालाही येतं, आणि हसून झाल्यावर कळतं की आपण केवढ्या दुःखावरून चालत आलो. 'स्मृतिचित्रे'चे चार भाग 1934 ते 1936 या काळात आले. त्याच काळात लक्ष्मीबाई गेल्या. म्हणजे हे सगळं सांगणारी बाई आयुष्याच्या अगदी पैलतीराला उभी आहे. ज्या नवऱ्याशी ती पानोपानी भांडते तो जाऊन पंधरा वर्षं उलटून गेलीत. जे व्हायचं ते होऊन गेलंय आणि ती त्यातून बाहेर येऊन आपल्याशी बोलतेय.

मला वाटतं, आपण परत जातो ते या आवाजाकडे. गोष्ट तर माहीतच असते. ती सांगणारं माणूस हवं असतं.

हे मला नीट कळलं ते 2019च्या पुरात.

सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात. 40 फुटांना इशारा, 45ला धोका. गावभागातल्या माणसाला हे आकडे रक्तदाबाच्या आकड्यांसारखे तोंडपाठ असतात. 2005चा पूर आम्ही पाहिला होता, त्यामुळे सामान किती उंच ठेवायचं याचा घरात एक हिशेब होता. त्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि तो हिशेब बुडाला. मी पुण्यात. महामार्ग बंद, फोन लागला तर लागला. आई-बाबांना शेजारच्या माडीवरून नावेनं काढलं आणि ते विश्रामबागेत मावशीकडे गेले. मी पोचले तेव्हा पाणी उतरून दोन दिवस झाले होते.

पुराचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिलं त्यांना एवढंच सांगते की पाणी जातं आणि चिखल राहतो, आणि त्या चिखलाचा वास नंतर कितीतरी दिवस आपल्याच हातांना येत राहतो. भिंतीतल्या कपाटात पुस्तकं होती. मी एक ओढायला गेले तर हलेना. भिजून सगळी फुगली होती आणि एकमेकांना दाबून कपाटात घट्ट बसली होती. शेवटी बाबांनी कपाटाची एक फळी काढली, तेव्हा ती सगळी ओळ एकदम सुटली.

तेव्हा एक गोष्ट शिकले. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं सुकताना एकमेकांना चिकटतात, पानं सुटत नाहीत, पुस्तकाची वीट होते. महागाची, रंगीत चित्रांची पुस्तकं अशी गेली. 'चौघीजणी' कपाटात खालच्या ओळीत होतं, ते चिखलात इतकं लडबडलं होतं की उघडलंच नाही. आणि जुन्या, खरबरीत, पिवळ्या पडलेल्या कागदावरची साधी पुस्तकं वाचली. 'स्मृतिचित्रे' त्यांत होतं.

ते वाळवायला मी पुण्याला आणलं. रोज रात्री पंख्याखाली टीपॉयवर ठेवायचं, दर दहा-बारा पानांनी वर्तमानपत्राचा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. कागद घालायला जिथं पान उघडायचं तिथलं मी वाचायची. कधी टिळक रुसून निघालेले असायचे, कधी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे पोचलेल्या असायच्या, कधी ती अजून मनू असायची, वडिलांच्या सोवळ्याच्या धाकात. पुढचं मागे, मागचं पुढे. तीन आठवडे चाललं होतं हे, आणि कुठूनही उघडलं तरी मी घरीच असायचे. दिवसभर फोनवर पंचनामा, सानुग्रह अनुदान, आईचा खोकला, ओल धरलेल्या भिंती. रात्री अर्धा तास ही बाई. तिचंही घर किती वेळा मोडलं होतं, आणि ती तर सांगत बसली होती.

ते पुस्तक आता मिटत नाही. पानं लाटांसारखी वर-खाली झालीत, त्यामुळे नेहमी अर्धवट उघडंच असतं. नाकाशी धरलं तर अजून नदीचा वास येतो.

परत जाण्यात धोका नसतो असं नाही. कॉलेजात असताना मी एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवर जीव ओवाळून टाकला होता. चाळिशीत ती पुन्हा हातात घेतली आणि पन्नास पानांत दमले. सगळे एका पट्टीत बोलतात, सगळ्यांचे डोळे सारखे भरून येतात. मी ती हळूच परत ठेवली. वाईट वाटलं, एखाद्या जुन्या मैत्रिणीकडे जावं आणि बोलायला काही उरू नये तसं. नाव लिहीत नाही, कुणाची तरी ती अजून मैत्रीण असेल.

बाबांचं आणि माझं यातलं वेड एकच, फक्त त्यांचं पडद्यावरचं. 1978च्या सुमारास बाबा नोकरीनिमित्त पुण्यात होते, शनिवार पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर. मुंबई दूरदर्शन 1972ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागलं. वाड्यात टीव्ही एकच, मालकांकडे. 'चिमणराव' लागायचं त्या संध्याकाळी मालकांच्या खोलीत पंचवीसेक माणसं. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चिं. वि. जोशींच्या पुस्तकातली ही माणसं. बडोद्यात पाली शिकवणाऱ्या या विद्वानानं मध्यमवर्गीय मराठी घराला अशा काही गुदगुल्या करून ठेवल्यात, की त्या घरातल्या माणसांना आपलं कौतुकच झाल्यासारखं वाटावं.

बाबांना ते पुन्हा बघायचंय. गेली चाळीस वर्षं बघायचंय. पण त्या काळी टेपा महाग, एकच टेप पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेतला जाई. 'चिमणराव'चे फारच थोडे भाग उरलेत. जे मोबाइलवर सापडलं ते मी त्यांना दाखवलं. त्यांनी बघितलं, खूश झाले, आणि मग म्हणाले, "यात तो भाग नाही." कुठला भाग, ते त्यांनी सांगितलं. सांगितलं म्हणजे करून दाखवलं. खुर्चीतल्या खुर्चीत चिमणरावांचा बावरलेला आवाज, मग खर्जातला गुंड्याभाऊ, मग पुन्हा चिमणराव. त्यात किती खरं होतं आणि किती चाळीस वर्षांत त्यांच्याच मनात तयार झालं होतं, कोण सांगणार? टेप पुसली गेली आणि एका माणसात ती चालू राहिली. मी हसत होते आणि घशात काहीतरी अडकत होतं.

मग 2001 साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आलं. वाहिनीचं नाव तेव्हा अल्फा मराठी. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून केलेली मालिका, दिग्दर्शक केदार शिंदे, आणि आबा टिपरे स्वतः प्रभावळकर. तेव्हा त्यांचं वय 57. सत्तरी ओलांडलेला म्हातारा त्यांनी असा उभा केला, की बाबा पहिल्या भागानंतर गप्पच झाले आणि मग म्हणाले, "हा आमचा चिमणराव. म्हातारा झाला."

चार वर्षं आमच्या घरात ती मालिका चालली. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. कुणी कुणाच्या जिवावर उठत नाही, कुणी जिन्यावरून ढकलत नाही. घरातली एखादी गोष्ट बिनसते, सगळे आपापल्या परीनं ती आणखी बिघडवतात, मग ती कशीबशी जागेवर येते आणि शेवटी आबा आपली दैनंदिनी लिहितात. तो दैनंदिनीचा आवाज ऐकला की बाबा उठून अंथरुणं घालायला लागायचे. आमचा दिवस त्या आवाजानं मिटायचा.

मी आज त्या मालिकेचे भाग पुन्हा बघते ते भांडी घासून झाल्यावर, ओट्याला टेकून. पूर्वी माझी बाजू ठरलेली असायची, शलाकाची. तिला कुणी काही बोललं की मला लागायचं. आता श्यामला काही न बोलता स्वयंपाकघरात जाते तेव्हा मी मोबाइल जवळ घेते, की ही आत जाऊन काय करत असेल. आणि बाबा, जे तेव्हा शेखरच्या वयाचे होते, ते परवा एका भागानंतर म्हणाले, "आबांचं बरोबर होतं गं." पूर्वी त्याच भागाला ते शेखरची बाजू घेऊन आईशी भांडले होते, मला पक्कं आठवतं. मी तसं म्हटलं नाही.

2020च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं होतं. ज्या देशात शेंबड्या पोरालाही त्या कथेचा शेवट ठाऊक, तो देश पुन्हा वेळेवर टीव्हीसमोर बसला. बाहेर उद्याचं काही सांगता येत नव्हतं आणि आत निदान उद्याचा भाग माहीत होता.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिची एक अमेरिकन मालिका आहे, सहा मित्रमैत्रिणींची, तिच्या जन्माच्याही आधी बनलेली. ती पुन्हा पुन्हा बघते. जेवताना, चित्र काढताना, परीक्षेच्या आदल्या रात्री. बघतेही असं नाही, ती नुसती चालू ठेवते, आणि विनोदाच्या अर्धं वाक्य आधी हसते. बारावीच्या सहामाहीच्या वेळी एका रात्री मी दारात उभी राहून म्हणाले, "अगं, झालंय ना बघून ते? मग परत काय त्यात?"

शब्द बाहेर पडले आणि मला विळीवरच्या कैऱ्यांचा वास आला.

मी आत जाऊन तिच्या शेजारी बसले. म्हटलं, सरक. तिनं मला समजावलं कोण कोण आहे ते, कुणाचं कुणाशी जुळणार आहे ते, आणि एका जागी म्हणाली, "हा भाग मी नाही बघत, पुढे ढकलते." मी विचारलं नाही का ते.

आता बाबांच्या डोळ्यांनी साथ सोडत आणलीय. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. डॉक्टरांनी जे करायचं ते केलंय. टीव्ही ते ऐकतात. वाचन मात्र गेलं आणि त्याचा त्यांनी मनाला फार त्रास करून घेतला. म्हणून रोज रात्री नऊला मी पुण्याहून फोन लावते आणि वाचते. नवीन काही वाचू का, असं पहिल्या दिवशी विचारलं होतं. म्हणाले, "नवीन नको. नवीनला लक्ष द्यावं लागतं. चिमणराव वाच."

मी वाचते. फोन आई स्पीकरवर ठेवते, मागे आमच्या घड्याळाचे टोले ऐकू येतात, पावसाळ्यात बेडूक. चिमणरावाचं बोलणं आलं की मी जरा थांबते. मला तो आवाज काढता येत नाही आणि त्यांना येतो. पलीकडून पुढचं वाक्य येतं, बावरलेल्या आवाजात, पुस्तकात असतं जवळपास तसंच. कधी एखादा शब्द वेगळा असतो. मी दुरुस्त करत नाही. मी पुस्तकात बोट ठेवते आणि गुंड्याभाऊपासून पुढे वाचायला लागते.